बरक्या फणसाची बाजू

एप्रिल उजाडला की फणसाचा विषय निघतोच, आणि निघाला की शहरातला प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो, "कापा असेल तर आण, बरका नको." दुकानात तेच, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेच, आणि आता तर गावात राहणारी मुलंसुद्धा असंच म्हणायला लागलीयेत. मला ह्याचं मनापासून वाईट वाटतं. कापा मलाही आवडतो, गार केलेला कापा गरा दाताखाली कर्रकन तुटतो त्याची मजा वेगळीच, त्याबद्दल वाद नाही. पण फणसाचा जो घमघमाट आपण म्हणतो, जी मधासारखी चव म्हणतो आणि कोकणातल्या स्वयंपाकघरात फणसाचे म्हणून जे जे पदार्थ तयार झाले त्यातले निम्मे तरी बरक्याच्या जिवावर उभे आहेत, म्हणून आज बरक्याची बाजू मांडायला बसलेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कापा म्हणजे कडक, सुटसुटीत गऱ्यांचा फणस. कोयत्याने उभा चिरायचा, मधला दांडा काढायचा आणि गरे सोडवत बसायचं, डब्यात भरून दोन दिवस फ्रीजमध्ये राहतो, ऑफिसला नेता येतो. बरका म्हणजे मऊ, रसाळ, थोडा तंतू असलेला, बोटांतून निसटणारा गरा. पिकलेल्या बरक्याला कोयता लागतच नाही, देठाकडून हाताने उघडला की उघडतो, आणि मग गरा तोंडात टाकायचा, जिभेने आठळी बाजूला करायची आणि बाकीचं गिळायचं, चावायचं असं काही त्यात नसतंच. लहान मुलांना म्हणूनच आमच्याकडे कोणीतरी मोठं माणूस शेजारी बसवून बरका खायला देत, घसरून घशात जातो म्हणून. झाडावर लटकत असताना मात्र दोन्ही दिसायला सारखेच. झाड कुठलं ते ठाऊक असेल तर ठाऊक, नाहीतर पिकल्यावर काटे अंगठ्याने दाबून बघायचे, बरक्याची साल लगेच आत जाते.

आणि झाड ठाऊक असणं ही फणसातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आमच्या सिंधुदुर्गात घराभोवतीच्या प्रत्येक फणसाला नाव असतं, न्हाणीकडचो, वाटेवरचो, गोठ्यामागचो, एखादा मधाचो. ह्याचं कारण लाडाकोडाइतकंच झाडाच्या जातकुळीतही आहे. फणसाच्या झाडावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी, परागीभवन बरंचसं दुसऱ्या झाडाकडून होतं, त्यामुळे आठळी लावली तर येणारं झाड आईसारखं निघेलच ह्याची काही खात्री नाही. कापा खाऊन आठळी पेरलीत तर सात-आठ वर्षांनी बरका निघू शकतो. म्हणजे बियांपासून वाढलेला कोकणातला प्रत्येक फणस ही स्वतःची एक स्वतंत्र जात आहे म्हटलं तरी चालेल, एकाचा गरा केशरी, एकाचा फिकट पिवळा, एक नुसता गोड, एकाला शेवटी किंचित आंबटसर झाक. हापूसचं असं नाही, तो कलमांनी पसरला, म्हणून देवगडात काय आणि रत्नागिरीत काय जात एकच, आणि म्हणूनच त्याचं नाव झालं, पेटी झाली, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. फणसाचं तसं झालंच नाही, तो झाडागणिक वेगळा राहिला. आणि ते एकच झाड तोडलं गेलं की ती चव कायमची जाते, परत कुठल्याही नर्सरीत मिळत नाही.

थोडं फळाबद्दल, कारण हे फळ खरंच विलक्षण आहे. आपण ज्याला एक फणस म्हणतो ते एक फळ नसून शेकडो फुलांचं मिळून झालेलं फळ आहे. बाहेरचा प्रत्येक काटा म्हणजे एकेका फुलाचं टोक. ज्या फुलात बी धरलं त्याचा गरा होतो, ज्यात नाही धरलं त्याच्या त्या चपट्या पट्ट्या होतात ज्या आपण बाजूला काढून गाईगुरांना घालतो. फांदीच्या टोकाला न लागता हे फळ थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतं, कधीकधी तर अगदी जमिनीलगत मुळापाशी, कारण एवढं वजन कोवळी फांदी पेलणारच नाही. दहा-पंधरा किलोचा फणस आमच्याकडे कोणी वळून पण बघत नाही. गिनेस बुकात नोंद झालेला सगळ्यात जड फणस ४२.७२ किलोचा, आणि तो २०१६ मध्ये आपल्या पुण्यात मोजला गेलाय. झाडाला लागणाऱ्या फळांत एवढं मोठं फळ जगात दुसरं नाही.

आता चव. पिकलेल्या फणसाचा वास केळं आणि अननस ह्यांच्या मधला कुठेतरी असतो, आणि ते नुसतं वाटणं नाहीये, केळ्याला त्याचा वास देणारं आयसोअ‍ॅमिल अ‍ॅसिटेट नावाचं द्रव्य फणसातही असतं, त्याच्यासोबत अशीच आणखी बरीच सुगंधी द्रव्यं. बंद खोलीत फणस पिकत घातला की घरात शिरणाऱ्याला उंबऱ्यावरच कळतं. कापा आणि बरका दोन्ही गोडच, पण कापा चावून खाताना चव टप्प्याटप्प्याने येते आणि बरक्यात रस एकदम सगळ्या तोंडभर होतो, वास आधी नाकात जातो मग गोडी येते मग मागे एक हलकासा उग्रपणा राहतो जो मला फार आवडतो. तो उग्रपणा ज्यांना सहन होत नाही ते लोक फणसाला नावं ठेवतात, आणि ही परंपरा जुनी आहे. बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातल्या फळांबद्दल लिहिलंय, त्यात फणसाला त्याने मेंढीच्या उलट्या केलेल्या आतड्यांची उपमा दिलीय आणि चव नको इतकी गोड म्हटलंय. समरकंद-काबूलची खरबुजं आणि द्राक्षं खाऊन वाढलेला माणूस, त्याला नाही आवडला, ठीक आहे.

पण त्याच्याआधी येऊन गेलेल्यांनी काय म्हटलंय तेही वाचा. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग बंगालच्या बाजूला पुंड्रवर्धनात गेला तेव्हा त्याने पनसाचं वर्णन करून ठेवलं, भोपळ्याएवढं फळ, फोडलं की आत कबुतराच्या अंड्याएवढी कितीतरी छोटी फळं आणि त्यांचा चविष्ट पिवळसर रस, आणि हे फळ फांदीवर लागतं तसं मुळाशीही लागतं हेसुद्धा त्याच्या नजरेतून सुटलं नाही. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता आला, दिल्लीत राहिला, मग पश्चिम किनाऱ्याने खाली उतरला, आणि त्याने फणसाला हिंदुस्थानातलं सर्वोत्तम फळ म्हटलं. त्याने दोन प्रकार लिहिलेत, शकी आणि बरकी, वर फांद्यांवर लागतो तो शकी आणि जमिनीलगत लागतो तो बरकी, आणि बरकी जास्त गोड असंही लिहून ठेवलंय. पुढे तो सांगतो की आतल्या बिया भाजून किंवा उकडून खातात आणि लाल मातीत ठेवल्या तर पुढच्या वर्षापर्यंत टिकतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, कारण आमच्या आजीच्या घरी आठळ्या अगदी अशाच लाल मातीत घोळवून कोपऱ्यात ठेवलेल्या असायच्या. जवळजवळ सातशे वर्षं झाली हो, आणि पद्धत तीच.

मग पोर्तुगीज. गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य गोव्यात राहायचा, त्याने इथल्या औषधी झाडापाल्यांवर आणि फळांवर संवादाच्या रूपात पुस्तक लिहिलं, ते १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं, आणि त्यात फणसावर वेगळं प्रकरण आहे. पोर्तुगीजांनी पुढे फणस ब्राझीलला नेला. तिथे तो इतका रुजला की रिओच्या तिजुका जंगलात तो आता स्थानिक झाडांना जागा देत नाही म्हणून तक्रारी आहेत. जमैकात १७८२ मध्ये पोचला, इंग्रजांनी एक फ्रेंच जहाज पकडलं त्यावर ही रोपं होती. (ह्यात आणि नीरफणसात गल्लत करू नका, नीरफणस म्हणजे विलायती फणस, ज्याचे आपण रवा लावून काप तळतो, तो ह्याचा भाऊबंद पण मूळचा पॅसिफिक बेटांवरचा. ताहितीहून त्याची रोपं नेणाऱ्या बाउंटी जहाजावर १७८९ मध्ये खलाशांनी बंड केलं होतं, तो सगळा वेगळाच किस्सा आहे, कधीतरी लिहीन.)

मला ह्या सगळ्या भूगोलात एक गोष्ट फार इंटरेस्टिंग वाटते ती ही की फणस जिथे जिथे गेला तिथे लोकांनी त्याचे हेच दोन भाग केले. केरळात कडक तो वरिक्का आणि मऊ तो कूझा. श्रीलंकेत वरका आणि वेला. ब्राझीलमध्ये जाका दुरा म्हणजे कडक, जाका मोले म्हणजे मऊ. आणि बहुतेक ठिकाणी कडक तो पाहुण्यांना आणि बाजाराला, मऊ तो घरच्यांना, नाहीतर झाडाखाली पडून गुरांना. केरळने २०१८ मध्ये फणसाला राज्यफळ केलं, बांगलादेशचं तर ते राष्ट्रीय फळच आहे, तमिळ लोक आंबा-केळं-फणस ह्या तिघांना मिळून मुक्कनी म्हणतात आणि मानाने ताटात ठेवतात. श्रीलंकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्थर डायस नावाच्या माणसाने दुष्काळ-टंचाईत लोकांच्या पोटाला आधार व्हावा म्हणून देशभर फणस लावायची मोहीम काढली, लोक त्यांना प्रेमाने कोस मामा म्हणजे फणसमामा म्हणायचे. फणसाला असं सगळीकडे डोक्यावर घेतलं गेलंय, आपल्याकडेच तो हापूसच्या सावलीत राहिला.

नाही म्हणजे कोकणात त्याला मान नाही असं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत कोवळी कुयरी काढायची, तिची भाजी, त्यात भरपूर ओलं खोबरं, वरून लसणाची किंवा सुक्या मिरचीची फोडणी, कोणी त्यात वाल नाहीतर शेंगदाणे घालतं. बंगालात ह्याच कोवळ्या फणसाला गाछपाठा म्हणतात, झाडावरचा बोकड, आणि मटणासारखाच मसाला घालून शिजवतात, यूपी-बिहारचं कटहलही तसंच. (हल्ली अमेरिकेत-युरोपात मांसाऐवजी म्हणून डबाबंद फणस विकतात तो हाच, कोवळा. तिकडच्या आपल्या लोकांना मुद्दाम सांगते, त्याची आपल्या पद्धतीने खोबरं घालून भाजी करून बघा, फक्त आधी खारं पाणी नीट धुऊन काढा.) मग एप्रिल-मेमध्ये जून पण न पिकलेल्या कापा फणसाचे तळलेले गरे, खोबरेल तेलात, नुसतं मिठाचं पाणी शिंपडून. ज्येष्ठात वटपौर्णिमेला फणसाचे गरे हवेतच, आंबा, जांभूळ, करवंदं आणि गरे असं वाण द्यायचं. नंतर पाऊस लागला की फणस पाणचट होतो, मग खाणारे कमी होतात आणि आठळ्यांचे दिवस सुरू होतात. चुलीतल्या निखाऱ्यात भाजलेल्या, मीठ घालून उकडलेल्या, माठाच्या भाजीत, आमटीत, सुकट घालून कालवणात. मासे बंद असतात, बाहेर कोसळतोय, आणि ताटात आठळ्यांचं सुकं. हे ज्यांनी खाल्लं नसेल त्यांनी खाऊन बघावं एवढंच म्हणते. पानंही वाया जात नाहीत, गोव्यात आणि खाली मंगळुरापर्यंत फणसाची पानं काड्यांनी टोचून द्रोण करतात आणि त्यात पीठ घालून उकडतात, पानाचा वास त्या इडलीला लागतो.

लाकूड तर विचारूच नका. जुन्या घरांचे दरवाजे, देव्हारे, पाट, सगळं फणसाचं, आधी पिवळं असतं आणि वर्षानुवर्षं हात लागून गडद होत जातं. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची, मृदंगाचं खोडही फणसाचं. बौद्ध भिक्खूंची वस्त्रं रंगवायला ह्याच लाकडाचा पिवळा रंग वापरत.

आता बरका. बरक्याचे दोन पदार्थ आहेत ज्यांची खरी चव बरक्यातच येते, सांदणं आणि फणसपोळी. बरक्याचे गरे मोठ्या चाळणीवर किंवा रोवळीवर हाताने घासायचे, रस खाली, दोरे वर. आमची मोठी काकी हे काम सुरू करायच्या आधी एकच गोष्ट शंभरदा सांगायची, "आधी हाताक तेल लाव, मगे फणसाक हात लाव." चीक पाण्याने जात नाही, तेलानेच जातो. रस निघाला की त्यात तांदळाचा जाडसर रवा, गूळ, चिमूटभर मीठ, नारळाचं दूध घालून भिजत ठेवायचं, रवा फुगला की तूप लावलेल्या वाट्यांत घालून इडलीसारखं उकडायचं. गरम सांदण नारळाच्या दुधात बुडवून खायचं. कोणी आंब्याचीही सांदणं करतात, छान लागतात, पण आंब्याचं सांदण हे गोड इडलीच्या जवळ जातं आणि फणसाच्या सांदणाला त्याचा स्वतःचा वास असतो जो वाफेबरोबर घरभर फिरतो. गोव्यात ह्याच रसाचं रवा आणि खोबरं घालून धोणस करतात, भाजलेला केकच म्हणा, तोही फार सुंदर.

फणसपोळी म्हणजे साठं. रस गाळून तूप लावलेल्या ताटात पातळ पसरायचा आणि मे महिन्याच्या कडकडीत उन्हात ठेवायचा, एका दिवसात वरचा थर सुकतो, मग पालटायची, परत ऊन. पोरांना राखणीला बसवायचं, कावळे आणि माशांसाठी. बरक्याचा रस मुळातच इतका गोड असतो की चांगल्या झाडाच्या फणसाला साखर लागतच नाही. बाजारातल्या पाकिटात बऱ्याचदा साखर इतकी असते की दात शिवशिवतात आणि फणस शोधावा लागतो. घरची फणसपोळी गडद तपकिरी, किंचित चिवट, आणि तोंडात बराच वेळ राहते.

आणि नेमके ह्याच दोन पदार्थांचा फणस आज संपत चाललाय. कारण अगदी सरळ आहे, बरका प्रवास करत नाही. पिकला की एक-दोन दिवसांत आंबायला लागतो, ट्रकमध्ये दबला की फुटतो, सोलून डब्यात भरला तर लगदा होतो. मुंबई-पुण्याला कापाच पाठवता येतो, त्यामुळे पैसे कापाचेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण प्रॉलिफिक' म्हणून जात काढली, तीही कापाच, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, त्याला चार पैसे मिळायला हवेत आणि कलम लावलं तर काय येणार ते आधीच ठाऊक असतं. माझी त्याबद्दल काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती बरका म्हणजे कमअस्सल असं जे आपण धरून चाललोय त्याच्याबद्दल. घरात माणसं नाहीत, मे महिन्यात चाकरमानी चार दिवस येतात, रस घासायला कोणाला वेळ नाही, मग झाडाखाली फणसांचा खच पडतो, माश्या घोंगावतात, आणि कोणीतरी म्हणतं की लाकडाला गिऱ्हाईक आलंय. ऐंशी-शंभर वर्षांचं झाड एका दिवसात खाली येतं. आमच्या गोठ्यामागचो असाच गेला, वाटण्या झाल्या आणि ज्यांच्या वाट्याला आला त्यांनी विकला. त्याचा गरा केशरी होता, तसा मी परत कुठे खाल्ला नाही.

म्हणून ज्यांच्या गावी चांगला बरका आहे त्यांना एक विनंती. त्याचं कलम करून घ्या. कापाची कलमं होतात तशी बरक्याचीही होतात, नर्सरीवाला ओळखीचा असेल तर झाडाच्या काड्या दिल्या की तो बांधून देतो, फक्त सांगावं लागतं कारण मागायला कोणी येत नाही. नुसती आठळी लावून उपयोग नाही, आणि लावायचीच असेल तर ताजी लावा, सुकली की उगवत नाही.

आणि शहरात राहणाऱ्यांसाठी, कोणी बरका दिला तर नाही म्हणू नका. वर्तमानपत्र अंथरा, हाताला आणि सुरीला खोबरेल लावा, गरे काढा, आठळ्या बाजूला ठेवा. रस घासायला रोवळी नसेल तर पुरणयंत्र चालतं, मिक्सर नको, त्यात दोरे बारीक होऊन रसातच राहतात. रस छोट्या डब्यांत भरून फ्रीजरला टाका, गणपतीपर्यंत सहज टिकतो. सांदणांसाठी मी दोन वाट्या रसाला एक वाटी भाजलेला इडलीचा रवा घेते, गूळ फणसाच्या गोडीप्रमाणे अर्धी ते पाऊण वाटी, पीठ पळीवाढं ठेवायचं आणि अर्धा तास तरी भिजू द्यायचं. वीस मिनिटं वाफ. वाटीतून काढायची घाई करू नका, जरा निवल्यावर आपोआप सुटतात.